मैदान 22 ला, तारीख 20 ची

पत्र असं आहे: "वय 27. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. दहा वर्षं तालमीत आहे. 22 एप्रिलला चिकोडी तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेचं मैदान आहे आणि यंदा पहिल्यांदाच माझी एक नंबरची जोड लागली आहे. समोरचा पैलवान कोल्हापूरचा, नावाजलेला. कमिटीनं इसार दिला आहे, पत्रक पुढच्या आठवड्यात छपाईला जातं. बायको पहिलटकरीण. माहेरी आहे, चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पुढं. नाव बेळगावातल्या दवाखान्यात घातलं आहे. सुरुवातीला डॉक्टरांनी 20 एप्रिल तारीख दिली होती, पण परवाच्या सोनोग्राफीत 28 एप्रिल आली. म्हणजे मैदान होऊन बाळ येईल असं मी धरलं आहे. वडील म्हणतात, बाळंतपण बायकांचं काम, तू बाहेर उभा राहून काय करणार? वस्ताद काहीच बोलत नाहीत. बायको म्हणते, तुम्ही जावा, माझी आई आहे की. पण म्हणताना माझ्याकडं बघत नाही. काय करू?"

पैलवान, आधी त्या 28 तारखेचा निकाल लावू. तुमचा सगळा बेत तिच्यावर उभा आहे, आणि ती बाळंतपणाची तारीखच नव्हे.

सोनोग्राफीचं यंत्र बाळाचं वय सांगत नाही, माप सांगतं. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. त्या वयात सगळी बाळं जवळजवळ एकाच गतीनं वाढतात, म्हणून त्यावरून काढलेली तारीख सहसा पाच-सात दिवसांपलीकडं चुकत नाही. नवव्या महिन्यात मोजतात ते डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड. तोवर एखादं बाळ आईसारखं बारीक तर एखादं बापासारखं दांडगं झालेलं असतं, आणि वयाचा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत इकडंतिकडं जातो. यंत्र मात्र मापं भरली की तारीख छापून मोकळं होतं. रिपोर्टवर ती दिसते आणि घरोघर लोक "तारीख पुढं गेली" म्हणून तीच धरून बसतात. डॉक्टर धरत नाहीत. पाळीच्या हिशेबानं आणि पहिल्या सोनोग्राफीनं ठरलेली 20 तारीख शेवटपर्यंत 20 च राहते.

मग 28 चा अर्थ काय? बाळ वयाच्या मानानं आठ दिवसांनी लहान दिसतं आहे, एवढाच. इतका फरक बहुतेक वेळा मापातल्या कमीजास्तीतच बसतो, त्यानं घाबरू नका. पण येत्या तपासणीला तो रिपोर्ट घेऊन तुम्ही स्वतः जा आणि विचारा: वजनाचा अंदाज वयाला धरून आहे का, गर्भजल पुरेसं आहे का, नाळेतला रक्तप्रवाह बघायला डॉपलर करावं लागेल का. वाढ खरोखरच मागं पडत असेल तर डॉक्टर 20 तारखेचीही वाट बघत नाहीत, बहुतेक वेळा 37 ते 39 आठवड्यांच्या दरम्यानच बाळंतपण करून घेतात. म्हणजे ज्या कागदाच्या भरवशावर तुम्ही बाळाला मैदानाच्या पलीकडं ढकललंत, तोच कागद त्याला बराच अलीकडं आणू शकतो.

20 तारखेवरही फार विसंबू नका. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजले की ती येते. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं नेमक्या त्या दिवशी जन्मतात. तुमच्या बाबतीत 30 मार्चला 37 आठवडे भरतात, तिथून पुढं कधीही. पहिल्या खेपेला बाळ तारखेच्या थोडं पुढं सरकण्याकडं कल असतो, आणि 27 एप्रिलला 41 आठवडे झाले की डॉक्टर कळा आणायचं बोलू लागतात. आता 22 तारीख यात कुठं बसते बघा: 40 आठवडे आणि दोन दिवस. ऐन मोक्याचा दिवस आहे तो.

कुणीतरी सुचवेल, मग आधीच मुहूर्त बघून सिझर करून घ्या. वैद्यकीय कारण नसताना मैदानासाठी बाईच्या पोटावर सुरी चालवायची नाही, हे वेगळं सांगायला नको. शिवाय 39 आठवडे भरायच्या आत विनाकारण काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. औषधानं कळा आणायच्या म्हटलं तरी पहिलटकरणीला त्यात एक-दोन दिवस सहज जातात. त्या वाटेला जाऊच नका.

आमचं मत असं: 22 ची जोड सोडा. सूट एकच. बाळ 17 एप्रिलपर्यंत जन्मलेलं असेल, बाळबाळंतीण दोघं सुखरूप घरी आलेली असतील आणि ती मनापासून जा म्हणत असेल, तर जाऊन लढा. यातली एकही गोष्ट कमी असेल तर नाही. 17 यासाठी की बाळंतपणानंतरचे पाच दिवस दिसतात तेवढे सोपे नसतात. दूध नीट उतरायला दोन ते चार दिवस लागतात, कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त दिसते, बाळ पाजायला शिकेपर्यंत रात्री झोप नसते. सिझर झालं तर चार-पाच दिवस दवाखान्यातच जातात, म्हणजे ती सूट मिळायला बाळ आणखी आधी यावं लागेल.

तुमचे वडील एका बाबतीत बरोबर आहेत, तेही सांगतो. पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतो. सुरुवातीच्या मंद कळांत कधी अख्खा दिवस जातो. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावरही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. त्या हिशेबानं कळा सुरू झाल्याचा फोन आल्यावर चिकोडीहून निघालात तरी बहुधा बाळाच्या आधी पोचाल.

पण फोन येणार कुठं? मैदान दुपारी तीनला सुरू झालं तरी नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या, मग मधल्या जोडी, मग पाहुण्यांचे फेटे आणि सत्कार, असं करत एक नंबरला, म्हणजे शेवटच्या मोठ्या कुस्तीला, रात्रीचे आठ-नऊ वाजतात. त्याआधी तासभर तुम्ही लंगोट कसून अंग गरम करत असणार. हलगी आणि लाऊडस्पीकर चालू, हजारो माणसं एकाच टॉवरवर, आणि फोन कुणाच्या तरी पिशवीत. निरोप मिळाला तरी जोड लागल्यावर मैदानातून उठून जाणं तुम्हाला जमेल का, हे तुम्हीच मनाला विचारा. यात्रेच्या गर्दीतून गाडी काढायलाच अर्धा तास जातो, पुढं निपाणी-संकेश्वरकडून महामार्ग धरून हत्तरगीचा टोल ओलांडून बेळगाव गाठेपर्यंत दोन-अडीच तास धरा. आणि ज्याचं अर्धं चित्त दवाखान्यात आहे, अशा पैलवानाची मान आणि खांदा नावाजलेल्या गड्याच्या हातात देऊ नये. मोडलेल्या गळपट्टीच्या हाडानं बाळ उचलता येत नाही.

शिवाय सगळी बाळंतपणं वेळ देत नाहीत. अंगावरून रक्त जाणं, बाळाचे ठोके मंदावणं, पाणमोट फुटून नाळ खाली येणं, बाळंतपणानंतर रक्तस्राव न थांबणं, यांतल्या कशालाही दोन तास मिळत नाहीत. बाहेर उभा राहून तू काय करणार, या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. रात्री दोन वाजता रक्तपेढीत चिठ्ठी घेऊन पळणं, दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं म्हटलं की गाडी आणि पैसे उभे करणं, औषध आणणं, आत काय चाललंय ते डॉक्टरांना विचारून सासूबाईंना समजेल असं सांगणं. हे काम दुसराही करू शकतो, नाही असं नाही. पण ते कुणाचं, हे आधी नेमलेलं नसलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात आणि अर्धा तास जातो. आणि आत ती बाई कळा सोसत असताना "आलेत ते, बाहेर आहेत" एवढं कळण्यानं तिला धीर येतो.

ऑपरेशनच्या संमतीबद्दल एक. नवरा आल्याशिवाय सही कोण करणार, म्हणून कधी कधी खोळंबा होतो. कायद्यानं प्रौढ बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. हे तुमच्या बायकोला आणि सासूबाईंना आजच सांगून ठेवा. प्रसूतिगृहात सोबतीला कोण चालेल तेही दवाखान्यात विचारून या. सरकारी दवाखान्यात बहुधा एका बाईलाच सोडतात, काही खासगी ठिकाणी नवऱ्याला आत घेतात.

आता तयारी. तुमचं सासर महाराष्ट्रात आणि दवाखाना कर्नाटकात, ही आपल्या भागातली रोजचीच गोष्ट, पण रात्री अडचण इथंच होते. 108 दोन्ही राज्यांत आहे, केंद्रं मात्र वेगळी. फोन लागला की आधी राज्य, तालुका आणि गाव सांगायचं, मग बाकीचं. महाराष्ट्राची गाडी सीमा ओलांडून बेळगावातल्या तुमच्याच दवाखान्यापर्यंत येईल असं धरून चालू नका, ती जवळच्या आपल्या सरकारी दवाखान्यात नेण्याची शक्यता जास्त. म्हणून 30 मार्चपासून सासरच्या गावातली एक गाडी आणि दोन चालक बोलून ठेवा, दोन यासाठी की एक लग्नाच्या वऱ्हाडात गेलेला असेल. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. त्याहून बरं म्हणजे 10 एप्रिलनंतर बायकोला बेळगावातल्या कुणा नातेवाइकाकडं आणून ठेवा. माहेर सोडायचं तिच्या जिवावर येईल, तर आईलाही सोबत आणा.

फाईल एकाच पिशवीत ठेवा: तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईचं नोंदकार्ड), महाराष्ट्रात नोंद झाली असेल तर तिकडचं माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं. पहिल्या सोनोग्राफीचा कागद हरवू नका, तारीख त्याच्यावर आहे. बाळाची नोंद जन्माच्या ठिकाणी होते, माहेर-सासर बघून नव्हे. बेळगावात जन्मलं तर दाखला कर्नाटकाचा. नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, आणि आईबापाच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे ना, हे दवाखाना सोडायच्या आधी तुम्ही स्वतः बघा. नंतर दुरुस्तीला खेटे घालावे लागतात.

तिचा रक्तगट कार्डावर बघा. निगेटिव्ह असेल आणि तुमचा पॉझिटिव्ह, तर बाळाचा गट तपासून तोही पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांच्या आत तिला अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं, हे दवाखान्याला आठवणीनं विचारा. रक्त द्यायला तालमीइतकी चांगली जागा नाही: वय 18 च्या पुढं, वजन 45 किलोच्या वर, हिमोग्लोबिन 12.5 च्या वर, तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही, अशी तीन-चार पोरं हेरून त्यांचे नंबर लिहून ठेवा. ज्यांची त्या आठवड्यात कुस्ती आहे त्यांना वगळा.

दवाखान्यात कधी निघायचं, हे घरात सगळ्यांना पाठ हवं. कळा पाच-पाच मिनिटांनी, एकेक मिनिटभर टिकणाऱ्या, असं तासभर चाललं की निघायचं असं सर्वसाधारण सांगतात. तुम्ही लांब आहात, तेव्हा दहा मिनिटांच्या अंतरानं नियमित येऊ लागल्या की गाडी काढा. कूस बदलली, थोडं चालली की थांबतात त्या खोट्या कळा. चिकट लालसर स्राव थोडा गेला तर कळा जवळ आल्याची खूण, धावपळ नको. मात्र पाणी गेलं तर कळा नसल्या तरी लगेच, आणि पाण्याचा रंग हिरवट किंवा तपकिरी असेल तर एक मिनिट न घालवता. पाळीसारखं रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, झटका, ताप, यांना घरगुती उपाय नाहीत.

लोक काय म्हणतील, ही काळजी तुमच्या पत्रात शब्दांत नाही, पण आहे. क्रिकेटकडं बघा. सुनील गावसकर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असताना फेब्रुवारी 1976 मध्ये रोहनचा जन्म झाला. महेंद्रसिंग धोनीची मुलगी 6 फेब्रुवारी 2015 ला जन्मली तेव्हा तो विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात होता आणि तिथंच राहिला. विराट कोहली मात्र डिसेंबर 2020 मध्ये अॅडलेडची कसोटी हरल्यावर, संघ 36 धावांत गडगडलेला असताना, आधीच ठरल्याप्रमाणं घरी परतला. तेव्हा टीका झाली. अजिंक्य रहाणेनं मेलबर्नला शतक काढलं आणि मालिका 2-1 नं जिंकली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुलाच्या जन्मामुळं रोहित शर्मा पर्थला खेळला नाही, बुमराच्या नेतृत्वाखाली भारत 295 धावांनी जिंकला. आणि तुम्हाला आम्ही जी सूट सांगतो आहोत तिचा नमुना म्हणजे स्वतः बुमरा: सप्टेंबर 2023 मध्ये आशिया चषक सोडून घरी आला, 4 तारखेला मुलगा झाला, आणि 10-11 तारखेच्या पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात परत हजर. धोनीच्या घरातला निर्णय त्यांचा, त्यावर आपण बोलू नये. पण तो समुद्रापलीकडं होता आणि तुम्ही ऐंशी किलोमीटरवर आहात. त्याचा दाखला तुम्हाला लागू नाही.

कमिटीला कळवायचं ते आज-उद्यातच. पत्रकावर फोटो छापून गेल्यावर सांगितलंत तर ते तोंडघशी पडतात आणि राग खरा असतो. छपाईच्या आधी सांगितलंत तर बदली जोड लावायला त्यांच्या हातात चार आठवडे आहेत. एकटे फोन करू नका, वस्तादांना घेऊन समक्ष जा. इसार सोबत न्या आणि आधी तो पुढं ठेवा, मग बोला. गोलमाल कारण नको, दुखापतीचं खोटं तर मुळीच नको, ते आठ दिवसांत उघडं पडतं. सरळ सांगा: "पहिलं बाळंतपण आहे, तारीख 20 ची. तुमच्या मैदानाला धोका नको म्हणून आत्ताच सांगतो. बदली पैलवान वस्ताद देतील. बाळ आधी झालं तर 18 ला फोन करीन, जागा असेल तर कुठल्याही नंबरवर लढीन. पुढच्या वर्षी बोलवा." कोल्हापूरच्या पैलवानालाही तुमच्याकडून निरोप जाऊ द्या, त्याचीही तयारी चालू आहे. दहा वर्षं लाल मातीत घालवून पहिल्यांदा एक नंबर मिळाला आणि तो हातचा सोडायचा, याचं दुःख लहान नाही. ते होईल.

वस्ताद बोलत नाहीत, कारण ते तुमच्या तोंडून ऐकायची वाट बघत असावेत. त्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्या शब्दाखातर थांबला असता किंवा लढला असता, आणि पुढं कधीतरी तो राग त्यांच्यावर निघाला असता. जाऊन बसा त्यांच्यापुढं.

आणि बायको. "जाऊ का?" या प्रश्नाला आपल्याकडच्या बाईकडून "जावा" हेच उत्तर येतं. नाही म्हणाली तर नवऱ्याचं मैदान बुडवलं हे सासरी आयुष्यभर ऐकावं लागेल, हे तिला ठाऊक आहे. म्हणून कमिटीकडं जाऊन आल्यावर तिच्याकडं जा. आधी विचारून नव्हे, आधी ठरवून. सांगा की मी 22 ला इथं आहे, सोडायचं मी ठरवलं, तुझ्यामुळं बुडलं असं घरात कुणी म्हणणार नाही, वडिलांशी मी बोलतो. मग विचारा, कळा सुरू झाल्यावर मी काय करावं असं तुला वाटतं, कुणाला आत घ्यावं, कुणाला फोन करू नये. या प्रश्नांची उत्तरं ती डोळ्यांत बघून देईल.

वडिलांना गाडीचं काम सोपवा. चालक, डिझेल, रस्ता, सगळं त्यांच्याकडं.

बाळ लवकर आलं आणि 22 ला लढायला गेलात, तर दोन गोष्टी. परतीला गाडी स्वतः चालवू नका, कुस्तीनंतर रात्रीच्या महामार्गावर डोळा लागतो. दुसरी गोष्ट मैदानाला गेलात न गेलात तरी लागू आहे, कारण रोज तालमीत अंगाला अंग लागतं: तुमची कातडी. पैलवानांत नायटा, पुवाच्या पुळ्या आणि पाण्याचे बारीक फोड एकमेकांना लागतात. मोठ्या माणसाला ते किरकोळ, नवजात बाळाला नाही. ओठावर किंवा अंगावर तसल्या फोडांचा झुबका उठला असेल तर तो नागिणीच्या जातीचा हर्पीस असू शकतो, आणि पहिल्या महिन्यात बाळाला तो लागला तर जिवावर बेततं. तो बरा होईपर्यंत बाळाचा मुका नाही, मांडीवर घेणं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. एरवीही तालमीतून आल्यावर साबणानं अंघोळ, कापलेली नखं, धुतलेला सदरा, मगच बाळ हातात. लंगोट आणि पंचा बाळाच्या दुपट्यांबरोबर भिजवू नका. नायटा असेल तर औषध आजच सुरू करा. तो पुरता जायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि 30 मार्च जवळ आला आहे.